निर्मलची अकरा मिनिटं

बाबा घरात कधी ओरडले नाहीत. आजूबाजूच्या घरांतून बाप ओरडल्याचे, ताट आपटल्याचे आवाज यायचे, आणि मला त्या घरातल्या पोरींचा हेवा वाटायचा. कारण ओरडणं केव्हा तरी थांबतं. बाबांचं गप्प होणं थांबायचं नाही. माझं काही चुकलं की ते चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकानं पुसायचे, परत डोळ्यांवर चढवायचे आणि हातातला कागद वाचायला लागायचे. तेवढंच. मग दोन-दोन दिवस घरात फक्त मायच्या बांगड्यांचा, स्टोव्हचा आणि रस्त्यापलीकडच्या जिनिंग गिरणीचा आवाज. कापसाच्या हंगामात ती घरघर दिवसभर चालायची. खिडकीच्या जाळीवर पांढरी लव बसायची, आणि माय ती ओल्या फडक्यानं पुसता पुसता हळूच म्हणायची, "जाय ना वं, बोल त्यायच्याशी. चुकलं म्हन. खाऊन टाकनार हायेत का तुले?" मला ते कधी जमलं नाही. वाटायचं, मी बोलले आणि त्यांनी नुसतं मान वर करून पाहिलं, तर तिथंच काहीतरी कायमचं मोडेल.

बाबा, म्हणजे रामदास वाघमारे, आदिलाबादच्या सरकारी कॉलेजात कारकून होते. आजोबांनी बाजारहत्नूरला दुसऱ्यांच्या शेतात जन्म काढला. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारे बाबा पहिले. म्हणून कागद ही त्यांच्या लेखी नुसती वस्तू नव्हती. कोऱ्या कागदावर पाय पडला तरी ते वाकून त्याला हात लावायचे. ऑफिसात त्यांच्या मागे एक हिरवं लोखंडी कपाट होतं, त्यात दोरीनं बांधलेल्या मिसली ओळीनं लावलेल्या असायच्या. ते फायली म्हणत नसत, मिसलीच म्हणत. आणि कोणती मिसल कुठल्या खणात आहे ते न बघता सांगत. मी त्याच कॉलेजात शिकत होते. व्हरांड्यातून जाताना त्यांच्या खिडकीपाशी आले की माझी चाल आपोआप बदलायची.

फुटबॉल माझ्या आयुष्यात आला तो माझ्या उंचीमुळे. आमचे खेळाचे गंगाधर सर मुलींचा संघ उभा करत होते आणि अकरा पोरी जमवताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. लांब हातांची, कुणाशी न बोलणारी मी त्यांना गोलात उभी करायला बरी वाटली. मी दुसरी गोलकीपर होते. पहिली माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. संघाची कॅप्टन पद्मा, तेलुगू घरातली, मराठी ऐकून ऐकून शिकलेली, मला हाक मारायची ती "एमे" म्हणून. एमे म्हणजे अगं. हाफ पँट घालून मैदानावर जायचं म्हटल्यावर माय आधी तोंडावर पदर धरून हसली, मग रात्रीची भाकर थापता थापता म्हणाली, "गुडघे फोडून घेशीन, बाकी काई नाई." दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात अंबाडीच्या भाजीशेजारी एक उकडलेलं अंडं यायला लागलं. बाबांनी ते अंडं पाहिलं आणि काही बोलले नाहीत. त्या वेळी ते बोलले नाहीत याचा अर्थ मी माझ्या सवयीनं लावला.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पहिल्या फेरीचा सामना निर्मल या शेजारच्या गावी होता. संपायला अकरा मिनिटं उरली असताना आमच्या गोलकीपरचं बोट मुरगळलं आणि गंगाधर सरांनी मला आत पाठवलं. त्या अकरा मिनिटांबद्दल मला आजही फार सांगता येणार नाही. चेंडू तीनदा आला, तीनदा माझ्या हातात राहिला. तिसऱ्या वेळी मी आडवी पडले होते, तोंडात माती होती, आणि छातीशी धरलेला चेंडू एखाद्या जिवंत प्राण्यासारखा धडधडतोय असं वाटत होतं. धडधडत होते ती मीच. आम्ही जिंकलो. संघपत्रकावर सरांनी माझ्या नावापुढे वेळ लिहिली, मी सही केली. त्या पत्रकाची एक प्रत निर्मलला राहिली, एक आमच्या ऑफिसात बाबांच्या कपाटात गेली.

आठवडाभरानं पांढरी टोपी घातलेला एक माणूस आमच्या घरी आला. वरंगलच्या एका खाजगी कॉलेजचे फुटबॉलचे कोच, प्रसाद सर. ते निर्मलला मैदानाच्या कडेला होते म्हणे. मायनं त्यांना चहा दिला. ते हिंदीत बोलत होते, गोड, घाई न करता. "बाबूजी, आपकी बेटी के हाथों में जादू है." फी नाही, हॉस्टेल फुकट, दोन वेळचं जेवण, रोज दूध-अंडी, नवे बूट, आणि वर महिन्याला हजार रुपये हातात. हजार रुपये! माय दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं लहानपणी निंदणीला जाऊन जे कमावलं ते मुठीत मावत होतं. आणि इथं तिच्या पोरीला चेंडू धरायचे पैसे मिळत होते. मी तेव्हाच मनातल्या मनात वरंगलला पोहोचले होते.

बाबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "ही या वर्षी आमच्या कॉलेजकडून खेळली आहे. एका वर्षात दोन कॉलेजांकडून खेळता येत नाही. तुमच्याकडे शिकायला येईल, पण खेळेल पुढच्या वर्षी." प्रसाद सर हसले. "नियम मुझे मालूम है, बाबूजी. ठीक है. इस साल सिर्फ प्रॅक्टिस." पण निघताना, मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले तेव्हा, ते वेगळं बोलले. वर्षभर बसून राहणाऱ्या पोरीला त्यांचं कॉलेज पैसे देणार नव्हतं. दुसरी गोलकीपर त्यांनी पाहून ठेवली होती. खेळायचं तर याच वर्षी. निर्मलच्या कागदाचं ते पाहून घेणार होते. "दूसरा कागज तो तुम्हारे घर का ही है ना, बेटा?" एवढंच म्हणाले आणि टोपी नीट करून निघून गेले.

हल्ली पोरींना अशी बोलावणी फोनवर येतात. मी ज्या शाळेत खेळ शिकवते तिथल्या पोरी मला त्यांच्या मोबाइलवरचे मेसेज दाखवतात: कुणाला स्कूटी देतो म्हणतात, कुणाला भावाची फी. मी त्यांना नियम समजावून सांगते, लेखी मागून घ्या म्हणते, मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या हाती देऊ नका म्हणते. खेळाचे पैसे घेणं वाईट, असं मात्र मी कधीच सांगत नाही. मला वाईट ठरवलं ते पैशांनी नाही.

कॉलेज सोडल्याचा दाखला घ्यायला मी ऑफिसात गेले त्या दिवशी बाबा माझाच दाखला घेऊन प्राचार्यांच्या सहीसाठी आत गेले होते. कपाट उघडं होतं. खेळांची मिसल दुसऱ्या खणात, लाल दोरी. मी दोरी सोडली, पत्रक काढलं, दोरी बांधली. बाबा बांधायचे तशी गाठ मला येत नव्हती. मी साधी गाठ मारली. बाहेर टाइपरायटर चालू होता. पत्रक पोलक्यात खुपसून मी खिडकीशी येऊन उभी राहिले तेव्हा माझे कान इतके गरम झाले होते की बाबांनी विचारलं, "ताप हाये का तुले?" आणि माझ्या कपाळाला हात लावला. मग दाखला हातात देऊन म्हणाले, "एक वर्स थांब. मग खेळ मनासारखं." मी म्हटलं, "हो बाबा."

वरंगलला पहिल्याच दिवशी माझी दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं कॉलेजनं ठेवून घेतली आणि एका छापील कागदावर माझी सही घेतली: या वर्षी मी दुसऱ्या कोणत्याही कॉलेजतर्फे खेळलेले नाही. चोरलेलं पत्रक जाळायचं म्हणून मी दोनदा स्वयंपाकघरामागच्या चुलीपर्यंत गेले. दोन्ही वेळा परत आले. कागद आगीत टाकायला हात पुढे होईना. मी बाबांचीच पोर होते. ठेवायचं तर कुठं? खोलीत चार पोरी, पेटीला कुलूप नाही. शेवटी चौपट घडी करून मी ते नडगीवर बांधायच्या पॅडमध्ये, मोज्याच्या आत ठेवायला लागले. सामन्यातही ते तिथंच असायचं. पळताना त्याचा कोपरा टोचायचा.

त्या महिन्यांबद्दल कुणी विचारलं तर मला जेवण आठवत नाही, बूट आठवत नाहीत. पहिले हजार रुपये हातात पडले तो क्षणसुद्धा नीट आठवत नाही. आठवतो तो मोज्यातला कागद. वॉर्डननं नाव घेतलं की हात मोज्याकडे जायचा. टपाल आलं की मोज्याकडे. फाटकाशी अनोळखी माणूस दिसला की मोज्याकडे. घरी पत्र लिहिताना मी फक्त प्रॅक्टिसबद्दल लिहायचे, बाबांचं उत्तर यायचं, चार ओळी, शेवटी नेहमी "काही सांगायचे असल्यास कळवावे." ते वाक्य मी दहा-दहा वेळा वाचायचे. ऑफिसातली सवय आहे म्हणून लिहितात, अशी स्वतःची समजूत काढायचे. एकदा धीर करून प्रसाद सरांना म्हटलं, "सर, मुझे घर जाना है." त्यांनी आवाज चढवला नाही. "जाओ बेटा. सर्टिफिकेट साल के आखिर में मिलेंगे." त्यांचंही ओरडणं नसायचं. त्या वयात मला न ओरडणाऱ्या सगळ्या माणसांची भीती एकाच जातीची वाटायची. तशी ती नव्हती, हे कळायला वेळ लागला.

वरंगललाच विद्यापीठाच्या मैदानावर अखेरच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि भिंतीवर लावलेल्या तक्त्यात आमच्यासमोर आदिलाबादचं नाव आलं. त्या दिवशी सकाळी मी नळावर बाटली भरत होते, तर मागून आवाज आला, "एमे." पद्मा. ती वाळली होती, केस कापले होते. मी हसायला गेले, ती हसली नाही.

"तू आज खेळू नको," ती म्हणाली.

"काऊन?"

"तुला माहीत हाय काऊन. तू खेळली तर गंगाधर सर तक्रार देनार. कॅप्टनची सही लागते. मी सही करीन."

"पद्मा, माझे सर्टिफिकेट त्यायच्याकडं अडकून हायेत."

तिनं वाहणारा नळ बंद केला. "मग मला सांगायचं होतं ना," ती म्हणाली, "आमी आलो असतो." आणि गेली.

मी खेळले. पोट दुखतं असं सांगून पाहिलं. प्रसाद सरांनी नुसती मान हलवली आणि हातमोजे माझ्या हातात दिले. त्या दिवशी मी जितकी चांगली खेळले तितकी पुन्हा कधीच खेळले नाही, आणि हे लिहिताना अजून लाज वाटते. भीतीनं माझे डोळे इतके ताणले होते की चेंडू पायातून सुटायच्या आधी दिसत होता. पद्माचे दोन फटके मी अडवले. आम्ही एका गोलनं जिंकलो. शिट्टी वाजल्यावर मी समोर पाहिलं तर गंगाधर सर कागद गुडघ्यावर ठेवून लिहीत होते आणि पद्मा शेजारी उभी राहून पेनची वाट पाहत होती.

सुनावणी दुसऱ्या दिवशी अकराला ठेवली. आदिलाबादच्या कॉलेजला फोन गेला, खेळांची मिसल घेऊन माणूस पाठवा. कोण येणार हे मला कळायला हवं होतं. पण सकाळी अंगणातल्या नळाशी पाठमोरा उभा राहून तोंड धुणारा तो माणूस, पायाशी कापडी पिशवी, खांद्याला टॉवेल, मला दिसला, तेव्हा मी होते तिथंच थांबले. आठ तासांच्या बसनं सदरा चुरगळला होता. त्यांनी वळून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, घातला. आणि पिशवी उचलून आत गेले.

एका वर्गात तीन जणांची समिती बसली होती. अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या प्राध्यापक बाई होत्या. सगळं बोलणं तेलुगूत झालं. बाबांनी लाल दोरीची मिसल टेबलावर ठेवली. बाईंनी ती शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, "निर्मलच्या सामन्याचं पत्रक कुठं आहे?"

"मिसलीत नाही, मॅडम," बाबा म्हणाले.

प्रसाद सर लगेच उठून बोलायला लागले. निर्मलला विचारलं, तिथली प्रत सापडत नाही. इथं पत्रक नाही. पोरीनं तर लिहून दिलं आहे की ती खेळली नाही. मग तक्रार कशावर? मी जमिनीकडे पाहत होते. मनात आलं, सुटले. खरंच आलं, खोटं कशाला लिहू.

बाई बाबांना म्हणाल्या, "कागद नाही, म्हणजे ही खेळली नाही असं धरायचं का?"

"नाही, मॅडम. ती खेळली. अकरा मिनिटं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिथं होतो."

मी मान वर केली. बाबा खिडकीकडे बघून बोलत होते, एखादी जुनी नोंद वाचावी तसे. "अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो होतो. मैदानाच्या भिंतीमागं उभा होतो. मुलीला संकोच वाटला असता म्हणून समोर आलो नाही. ती आत आली. तीन वेळा चेंडू धरला. तिसऱ्या वेळी पडली, उठेपर्यंत मी पाहिलं, लागलं का म्हणून. मग बस पकडून परत आलो."

मग प्रसाद सर म्हणाले, मुलगी घर सोडून गेली म्हणून बाप चिडला आहे, एका माणसाच्या शब्दावर निकाल कसा लावता? आणि कपाट कुणाच्या ताब्यात असतं? बाईंनी चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं. "वाघमारे गारू," त्या तेलुगू अदबीनं म्हणाल्या, "हा प्रश्न बरोबर आहे. मिसल तुमच्या ताब्यात, पत्रक गहाळ. मला हे तुमच्या प्राचार्यांना लेखी कळवावं लागेल. तुमच्या नोकरीवर येईल."

"चावी माझ्याकडेच असते," बाबा म्हणाले. "जबाबदारी माझी. लिहा, मॅडम."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी पेनचं टोपण काढलं. मी कशी उठले ते मला आठवत नाही. तिथंच बाकावर पाय ठेवला, मोजा खाली ओढला, पॅड सोडलं आणि घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. घामानं तो फडक्यासारखा मऊ झाला होता. बाईंनी नखानं एकेक घडी उलगडली. शाई पसरली होती, पण माझं नाव, त्यापुढची वेळ आणि माझी सही वाचता येत होती.

"मी काढला," मी म्हटलं, आणि आवाज आला तो मराठीतच आला. "बाबांना माहीत नव्हतं."

निकाल लागायला वेळ लागला नाही. सामना आदिलाबादला दिला. मला ते वर्ष आणि पुढचं वर्ष खेळायला बंदी. बाबांना प्राचार्यांकडून लेखी समज मिळाली. ती त्यांच्या सेवापुस्तकात निवृत्तीपर्यंत राहिली. प्रमाणपत्रांचं बोलायचं धाडस मला झालं नसतं, पद्मा दारातून बोलली, "मॅडम, हिचे सर्टिफिकेट द्यायला सांगा." बाईंनी प्रसाद सरांना ती तासाभरात तिथं आणून द्यायला लावली.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. करीमनगर मागे पडेपर्यंत आम्ही काही बोललो नाही. त्या आठ तासांचं मौन मी कशी सोसणार, याचीच भीती मला निकालापेक्षा जास्त होती. मग बाबा समोरच्या सीटकडे पाहत म्हणाले, "गाठ पाह्यली तवाच कळलं होतं मले. त्याच आठवड्यात."

"मग तुमी बोलले काऊन नाई?"

त्यांनी चष्मा काढला. "वाट पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. "तू सांगशीन म्हनून. मले बी कुठं बोलता येते?" मी त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा त्यांच्या हातात होता आणि डोळे उघडे, थकलेले. तोवर मला वाटायचं, घरात फक्त मी घाबरते.

सोमवारी मी परत प्रवेशाचा अर्ज घेऊन कॉलेजात गेले. खिडकीसमोर रांग होती. बाबांनी मला पाहिलं. पुढे बोलावलं नाही. पाऊण तास मी उभी होते. पोरी माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या, सगळ्यांना सगळं कळलं होतं. माझी पाळी आली. बाबांनी कोरा अर्ज समोर ओढला, पेन झटकलं.

"नाव?"

"सुजाता."

"पूर्ण नाव सांगा."

"सुजाता रामदास वाघमारे," मी म्हटलं.

त्यांनी ते सावकाश लिहिलं, मधलं नाव जरा जास्तच सावकाश. मग पेन पुढच्या रकान्यावर थांबलं: आधीचे कॉलेज सोडण्याचे कारण. त्यांनी मान वर केली आणि कारकुनाचा आवाज सोडून, घरच्या बोलीत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "काय लिहू वं?"

"फुटबॉल," मी म्हटलं.

त्यांनी तेच लिहिलं, वर मोहर मारली, आणि माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाले, "पुढचं."